चावरी पेटी

“कुणाकडे आलात आपण?” दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, आणि विचारताना त्या हसल्याही. प्रश्नात खोट काढावी असं काहीच नव्हतं. एक म्हातारा माणूस भरदुपारी जिन्यात बसलेला दिसतो, मांडीवर पावाची पिशवी, पाठीमागे बंद दार. भल्या बाईने विचारायचं नाही तर काय करायचं? कवळीकर किल्ली आत विसरून बाहेर पडले होते, आणि सून कामावरून येईपर्यंत जिना हाच त्यांचा दिवाणखाना होता. ते अर्धवट उठले, पिशवी सावरली आणि म्हणाले, “माझी सून राहते इथं.” बाई “हो का, हो का” करत कठड्याला धरून खाली गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज थांबला, खाली कुठेतरी कडी लागली, आणि मग कवळीकरांना कळलं की टोचलं ते बाईंच्या प्रश्नात नव्हतंच, आपल्या उत्तरात होतं. मी राहतो इथं, असंही म्हणता आलं असतं. खोटं तर नव्हतं ते. पण तोंडातून आलं नाही, आणि तोंडांशी तर त्यांचा जन्मभराचा संबंध. पायरी गार होती. ते तिच्यावर जरा सरकून बसले, म्हणजे कुणाला वर जायचं झालं तर वाट मिळावी.

कवळीकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. कवळ्या करायचे म्हणून कारखान्यात कुणीतरी ते चिकटवलं आणि ते इतकं घट्ट बसलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवायचे, आणि कवळीकर त्या ठशांत प्लास्टर ओतून, मेण लावून, दात एकेक करून बसवून द्यायचे. ज्यांच्यासाठी दात केले ती माणसं त्यांनी कधी पाहिली नाहीत. रस्त्यात एखादं हसू ओळखीचं वाटे आणि ते वळून बघत. बायको म्हणायची, लोकांचे चेहरे बघा की जरा, दात काय मोजताय. ती गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं आणि आणून महिन्याच्या आत तो आपल्या जहाजावर परत गेला, इंजिनाच्या पोटात, जिथून फोनही धड लागत नाही. राहिले सासरा आणि सून. दोघंही सज्जन, दोघंही अबोल, आणि दोघंही दुसऱ्याला त्रास नको म्हणून इतकी जपून वागायची की एखाद्याला वाटावं घरात कुणीतरी आजारी आहे. कारखान्यामागच्या जुन्या दोन खोल्या कवळीकरांनी सोडल्या नव्हत्या. मुलगा म्हणत होता सोडा, घरमालक म्हणत होता महिनाअखेरीला काय ते सांगा, आणि कवळीकर दोघांनाही “बघू” म्हणत होते. त्यांची कपड्यांची बॅग कॉटखाली होती. वापरलेला सदरा धुऊन, घडी घालून ते पुन्हा बॅगेतच ठेवत. कपाटाचे दोन खण सुनेने पहिल्याच दिवशी रिकामे करून दिले होते, आणि ते अजून रिकामेच होते.

सून आली तेव्हा काखेत नकाशांची गुंडाळी होती. ती नगरपालिकेत जमिनीखालच्या नळांचे आणि गटारांचे नकाशे काढायची. “अरे देवा, बाबा! किती वेळ बसलात?” तिने दार उघडता उघडता विचारलं. “आत्ताच आलो,” कवळीकर म्हणाले, आणि पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून भिंत धरून आत गेले. चष्मेवाल्या बाईंचा विषय त्यांनी काढला नाही. चहा झाला. तिने बिस्किटांचा डबा त्यांच्याकडे सरकवला, त्यांनी तिच्याकडे सरकवला. मग बोलावं की नको अशा बेताने कप बशीत फिरवत ती म्हणाली, “बाबा, एक विचारू? तुम्हाला चावणारी पेटी करता येईल?”

दर रविवारी दुपारी तिची तीन मित्रमंडळी येऊन जेवणाच्या टेबलाभोवती बसायची, हे कवळीकरांना माहीत होतं. ते त्या वेळी फिरायला जात, कारण चौघंजण मोठ्याने भांडत, फासे टाकत, आणि मध्येच अशा गावाबद्दल बोलत जे कुठंच नव्हतं. आता तिने समजावून सांगितलं. ते गाव तिने रचलंय. रस्ते, विहिरी, भुयारं सगळं तिच्या वहीत काढलेलं. बाकीचे तिघं त्या गावात फिरतात, काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. गावातली घंटा मुकी झालीय. तिची जीभ, म्हणजे आतला लोलक, कुणीतरी एका पेटीत कोंडून ठेवलाय, आणि त्या पेटीला दात आहेत. “एरवी मी नुसतं सांगते की पेटी आहे, आणि ते मान हलवतात. या खेपेला मला खरीखुरी पेटी टेबलावर ठेवायचीय. दात योग्य क्रमाने दाबले तरच जबडा उघडेल. चुकलं की पेटी चावते, आणि त्यांचा एक दिवा विझतो. दिवे संपले की घंटा गेली.” हे सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की कवळीकरांना वाटलं, ही मुलगी आपण आज पहिल्यांदा बघतोय. तिने खूण सांगणाऱ्या ओळी कागदावर लिहून दिल्या: उजवीकडून तिसरा दाबा, मग त्याच्या आतल्या बाजूचा शेजारी, मग डावीकडचा टोकाचा, आणि शेवटी जो बाकीच्यांसारखा नाही तो. “मात्र करताना मला दाखवू नका हं. मलाही बघायचंय चावताना.” कवळीकरांनी कागद दोनदा वाचला. “बघू,” ते म्हणाले, पण हा ‘बघू’ घरमालकाला दिलेल्या ‘बघू’सारखा नव्हता. त्यांचे हात शिवशिवायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या खोल्यांवर गेले आणि बॅग रिकामी करून तिच्यातून हत्यारं घेऊन आले. आधी नुसत्या तारा वाकवायच्या पकडी आणि बारीक कानशी. मग लक्षात आलं मेणाच्या सुऱ्या लागतील, म्हणून पुन्हा गेले. मग प्लास्टर कालवायचं रबराचं वाडगं, मग छोटी मोटर, मग हिरड्यांच्या गुलाबी रंगाची पूड, मग हाताशी असावं म्हणून ते स्टूल ज्याच्यावर बसून त्यांची पाठ वाकली होती. बॅगेतले सदरे पलंगावर पडू लागले तेव्हा ते गैरसोयीचं झालं म्हणून त्यांनी ते खणात टाकले, तात्पुरते. मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली टेबल लागलं. सुनेने दोरी मुकाट्याने एका बाजूला घेतली. संध्याकाळी ती आली की बाल्कनीचं दार आधी वाजवायची आणि ते घाईघाईने पेटीवर टॉवेल टाकायचे. “झाकली का?” “झाकली, ये.” मग ती कठड्याला टेकून त्यांना विचारायची, दात कसे चिकटवतात, मेण किती तापवायचं, खोट्या दातांनी सफरचंद खाता येतं का. आणि ते सांगायचे. पहिल्यांदा एकेका वाक्यात, पुढे पुढे नळ सोडल्यासारखे. एकदा बोलता बोलता चहा गार झाला आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला “करून देऊ का परत?” असं विचारलं नाही, तसाच गार प्यायला. तेव्हाचं ते सुख कवळीकरांनी मनातल्या मनात चघळून पाहिलं. साधंच होतं. पण कितीतरी दिवसांनी होतं.

पेटी लाकडी, पावाच्या लादीएवढी. पुढच्या बाजूला गुलाबी हिरडीत दातांची वरची ओळ, खाली सरकणारा जबडा. प्रत्येक दातामागे तारेचं एक बोट. दात दाबला की बोट आतल्या पट्टीला ढकलणार, आणि क्रम बरोबर असेल तर पट्टी एकेक घर पुढे सरकणार, टिक, टिक, टिक, आणि चौथ्याला जबडा सुटणार. चूक झाली की स्प्रिंग पट्टीला मागे ओढणार, खट्, आणि खालचा जबडा उसळून दाबणाऱ्याच्या बोटाला अलगद चावणार. अलगद, म्हणजे दचकायला होईल पण लागणार नाही, एवढा. हे ‘एवढा’ साधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. कवळीचंही तसंच असतं. सैल झाली तर बोलताना पडते, घट्ट झाली तर हिरडी सोलते, आणि मधला जो केसभर मुलूख असतो तोच खरा धंदा. काम करताना त्यांना आपला उस्ताद आठवत होता. त्याने पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलं होतं. पोरगेल्या कवळीकरांनी ठसा समोर ठेवून उजवा दात डावीकडे बसवला होता, कारण त्यांच्या बाजूने तो उजवाच होता. “तोंड तुझ्या टेबलावर आलं म्हणून तुझं होत नाही,” उस्ताद म्हणाला, “तोंड ज्याचं, उजवं त्याचं.” त्यानंतर आयुष्यात ती चूक झाली नाही. समोर माणूस आला की त्याचं उजवं तेच उजवं. ते इतकं अंगवळणी पडलं की बायकोच्या डोळ्यात कचरा गेला आणि ती “उजव्या, उजव्या” म्हणाली तर ते बरोबर त्याच डोळ्याशी फुंकर घालत, क्षणभरही न चाचरता.

शेवटचा दात, जो बाकीच्यांसारखा नाही तो, कसा करायचा यावर ते अडले. सोन्याचा करता आला असता; कुणीही सोन्याचाच केला असता. काळा, तुटका, रंगीत, सगळे विचार करून झाले. मग एका दुपारी त्यांच्या हातांनी त्यांना न विचारताच मेणात पुढचा एक दात कोरायला घेतला, आणि तो पुरा होत आला तेव्हा त्यांनी ओळखला. बायकोचा होता. लग्नानंतर काही वर्षांनी ती मोरीत पाय घसरून पडली होती आणि पुढचा एक दात गेला होता. कवळीकरांनी तिला नवीन करून दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले, सरळ करा, छान दिसेल. कवळीकरांनी तो पहिल्यासारखाच किंचित वाकडा केला, शेजारच्यावर जरासा रेललेला. ती आरशात बघून आधी रागावली. “आता संधी होती तर!” म्हणाली. मग दोनचार दिवसांनी भांडी घासता घासता आपणहून म्हणाली, “बरं झालं तसाच केला. नाहीतर हसताना मला वाटलं असतं दुसरंच कुणी हसतंय.” तो दात त्यांनी पेटीत बसवला, पक्का केला, आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले. त्यात दुःख होतं, पण बरंचसं बरं वाटणंही होतं, आणि नाक पुसायला टॉवेलच हाताशी होता. त्या संध्याकाळी त्यांनी पेटी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. टिक, टिक, टिक, टिक. एकदाही चुकली नाही.

रविवार आला. सुनेने लोलक आधीच पुडीत बांधून दिला होता. तो त्यांनी पेटीत टाकला, जबडा मिटवला आणि पेटी टॉवेलसकट तिच्या हातात दिली. “फिरायला जाऊ नका आज,” ती म्हणाली. “इथंच असा.” कवळीकर आपल्या खोलीत गेले, दार किलकिलं ठेवलं आणि पेपर उघडला. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, मोठ्या माणसाला शोभणार नाही अशा पद्धतीने: पेटी नीट उघडली तर घरमालकाला खोल्या सोडल्या म्हणून सांगायचं. नाही उघडली तर सदरे खणातून काढायचे. असं पेटीवर सोडणं बालिश आहे हे त्यांना कळत होतं. पण स्वतः ठरवण्यापेक्षा ते सोपं होतं. बाहेर खुर्च्या सरकल्या. गणिताचा मास्तर आला होता, वॉर्डातून थेट आलेली नर्स होती, आणि बुटांच्या दुकानातला तो उंच गृहस्थ, ज्याला सगळे लांब्या म्हणत. टॉवेल काढला गेला, आणि तिघंही एकदम गप्प झाले. त्या गप्प होण्याने कवळीकरांना गुदगुल्या झाल्या. “बापरे,” लांब्या म्हणाला, “ही आपल्याकडेच बघतेय.” सुनेने ओळी वाचून दाखवल्या. कवळीकरांनी पेपर खाली ठेवला आणि टिकची वाट बघितली.

खट्. लांब्या ओरडला, नर्स खदखदून हसली, एक दिवा विझला. ठीक आहे, घाईत चुकला असेल. पुन्हा मोजणं, “उजवीकडून एक, दोन, तीन,” आणि पुन्हा खट्. स्प्रिंग निसटली? तार वाकली? काल तर होती बरोबर. तिसऱ्यांदा खट् झालं तेव्हा कुणी हसलं नाही. मास्तर म्हणाला, “कदाचित बिघडली असेल. चाकू आण, हळूच फट करून बघतो.” चाकू! कवळीकर ताडकन उठले आणि फटीतून बघू लागले. सून म्हणत होती, “चाकू नाही. एकच दिवा उरलाय, विचार करा.” तिचा चेहरा उतरला होता, आणि कवळीकरांमुळे उतरला होता. लांब्याने न दाबता नुसतं बोट ठेवून दाखवलं. “हा बघ, उजवीकडून तिसरा. हाच ना?” आणि कवळीकरांच्या घशापर्यंत आलं, अहो, तो डावा! मग ते जिथल्या तिथे थबकले. लांब्याचं बोट लांब्याच्या उजवीकडे होतं. मास्तरच्या, नर्सच्या, सुनेच्याही. सुनेच्या नकाशात उजवं म्हणजे कागदाची उजवी कड, आणि जगातल्या झाडून सगळ्या माणसांचं उजवं हे त्यांचं स्वतःचं उजवं असतं. पेटीच्या उजव्या गालावरून मोजणारा शहाणा एकटा कवळीकर. ते कॉटवर बसले. हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. आणि त्या दोन्हीच्या मधूनच जिन्यातली ती दुपार त्यांच्यासमोर आली. कुणाकडे आलात आपण? माझी सून राहते इथं. तिथंही त्यांनी समोरच्याच्या बाजूने मोजलं होतं. या घराचं उजवं-डावं त्यांनी एकदाही स्वतःकडून मोजलं नव्हतं. चहाचा कप कुठे ठेवायचा इथपासून सगळं ते तिच्या बाजूने मोजत आले होते, आणि तिला बिचारीला वाटत असणार की सासऱ्यांना इथलं काहीच आपलं वाटत नाही.

दारावर टकटक झाली. सून आत आली आणि दार लोटून कुजबुजली, “बाबा, काही बिघडलंय का?”

“बिघडलं नाही. माझं उजवं चुकलं.” त्यांनी तिला सांगितलं. तिने आधी स्वतःचे हात बघितले, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि तोंडावर हात दाबून अशी हसली की खांदे हलायला लागले. “म्हणजे पेटीचं उजवं!”

“जा, सांग त्यांना. म्हातारा चुकला म्हणावं.”

“छे! मी सांगितलं तर खेळ संपला. तुम्ही चला बाहेर. पेटी करणारा कारागीर म्हणून बसा. ते विचारतील, तुम्ही उत्तर द्या.”

“मला नाटकं जमत नाहीत गं.”

“नाटक कसलं त्यात? पेटी तुम्हीच केलीय की,” ती म्हणाली आणि त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला धरून त्यांना बाहेर घेऊन गेली. याआधी तिने त्यांना असं धरलं नव्हतं.

टेबलावर कागदी दिव्यांपैकी एकच उभा होता. शेजारी पितळी घंटा, मुकी. सुनेने पाचवी खुर्ची ओढली, दाराजवळची. “जबड्यांच्या गल्लीत तुम्हाला एक म्हातारा कारागीर भेटतो,” तिने गावातल्या आवाजात सांगितलं, “तो फार बोलत नाही.” हे खरंच होतं. कवळीकर बसले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून त्यांनी ते मांडीवर ठेवले. “कारागीरबुवा,” मास्तर म्हणाला, “तुमची पेटी बिघडलीय.”

“पेटी बिघडलेली नाही,” कवळीकर म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. सून फाशाशी चाळा करत होती, मदत करणार नव्हती.

“मग आमचं काय चुकतंय?” नर्सने विचारलं.

कवळीकरांनी पेटीकडे बघितलं. वाकडा दात शेजाऱ्यावर रेलून हसत होता. नाटक-बिटक ते विसरून गेले. “आमचा उस्ताद सांगायचा,” ते म्हणाले, “तोंड तुमच्या टेबलावर आलं म्हणून तुमचं होत नाही. तोंड ज्याचं, उजवं त्याचं.”

लांब्याने भुवया चढवल्या. मास्तर पुटपुटत हिशेब मांडू लागला. नर्सने मात्र कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! पेशंटचा उजवा! वॉर्डात दिवसभर तेच तर करते मी, आणि इथं येऊन डोकं बाहेर टांगून ठेवलं!” ती उठून उभी राहिली, पेटीसमोर तिने आपला उजवा हात उचलला, मग मान हलवून दुसऱ्या टोकापासून मोजलं. टिक. आतला शेजारी, टिक. दुसरं टोक, टिक. मग ती क्षणभर थांबली आणि तिने त्या वाकड्या दातावर हलकेच बोट ठेवलं. कवळीकरांनी डोळे मिटले. टिक झालं आणि जबडा उघडला, कवळीकरांना माहीत होता तसाच, आळस दिल्यासारखा सावकाश.

मग जो गोंधळ झाला तो त्या इमारतीने बऱ्याच वर्षांत ऐकला नसेल. लांब्याने लोलक काढून घंटेला अडकवला आणि ती अशी हलवली की कानठळ्या बसाव्यात. मास्तर टेबल बडवत होता, नर्स सुनेच्या गळ्यात पडली होती, सून कवळीकरांकडे बघून ओरडत होती, “बघितलंत? बघितलंत बाबा?” आणि कवळीकर मान डोलवत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. “हा कारागीर पुढच्या रविवारीही हवा,” मास्तर म्हणाला. “तो इथंच राहतो,” सून म्हणाली, आणि ती गावाबद्दल बोलत होती की घराबद्दल, ते तिने काही सांगितलं नाही. तेवढ्यात दाराची बेल वाजली. कवळीकर दाराजवळ होते, म्हणून तेच उठले.

बाहेर दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या बाई होत्या, हाताला पीठ लागलेलं, चेहरा थोडा घाबरलेला. आत घंटा घणघणत होती. कवळीकरांनी त्यांना ओळखलं, पण त्या आवाजात जे ओठांवर आलं तेच ते बोलून गेले.

“कुणाकडे आलात आपण?”

“अहो, तुमच्याकडेच!” बाई म्हणाल्या. “केवढा आवाज हा! आग-बिग लागली की काय, म्हणून बघायला आले.”

“नाही नाही, दात उघडले,” कवळीकर म्हणाले, आणि बाईंना आत येता यावं म्हणून दार पूर्ण उघडून बाजूला झाले. “या ना आत. चहा टाकतो.”